पिकअपच्या शाफ्टचे तिन्ही क्रॉस बदलले, पावसाळा काढला, आता सांगतो कसं चाललंय

उन्हाळ्यात शाफ्टचे (गिअरबॉक्सकडनं मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तिन्ही क्रॉस (त्या दांड्याचे वळणारे सांधे) एकदम बदलले, त्यावर अख्खा पावसाळा काढला, गगनबावड्याकडचा पाऊस काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि आता गुऱ्हाळं चालू झालीत, गाडी भरूनच पळतेय. मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की निपलवाला (बाहेरनं ग्रीस मारता येतं तो) घेऊ का सीलबंद (आतलं ग्रीस कायमचं), आणि क्रॉसच गेलाय हे कशावरनं ओळखायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. काम झकास झालंय, पण निपलवाला क्रॉस घेऊन त्याला ग्रीस मारणार नसाल तर तो घेऊच नका, पैसे पाण्यात.

गाडी दीड टनाच्या आसपासची पिकअप, मागची चाकं ओढणारी. शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग, म्हणून क्रॉस तीन. माल म्हणजे गूळ, भाजी, कधी शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग. हायवे कमी आणि उसाच्या पाणंदी जास्त, त्यात चिखल, त्यात खालनं दगड, म्हणजे शाफ्टला सुख असं नाहीच.

क्रॉस एका दिवसात जात नाही, आधी बराच आरडाओरडा करतो, आपलं लक्ष नसतं. पहिल्यांदा चूं चूं येतं, तेही गल्लीतनं हळू चालवताना, जरा वेग घेतला की टायरच्या आणि इंजिनच्या आवाजात बुडून जातं. लोक म्हणतात ब्रेकचे लायनर, नाहीतर पाटे (मागच्या स्प्रिंगची पानं) कुरकुरतात. पाटे खड्ड्यात कुरकुरतात, सपाट डांबरावर तालात नाही. आणि ब्रेक हलकाच दाबून बघायचा, आवाजात काहीच फरक पडला नाही तर ब्रेकवरचा संशय कमी करा. अजून एक खूण म्हणजे ताल. मागचं चाक एक फेरा मारतं तोवर शाफ्टचे साधारण चार फेरे होतात, डिफरेन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या दातांच्या गोळ्याचा) रेशो असतो ना, त्यामुळे क्रॉसची चूं चूं चाकाच्या मानाने बरीच जलद येते. एकदा कानाला कळलं की परत चुकत नाही.

मग खडाक. रिव्हर्समधनं पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालनं लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा एकच ठोका. मार्केट यार्डात गाडी मागंपुढं करताना तर दर खेपेला. आणि शेवटी थरथर, ठराविक वेगाला येणारी, सीटखाली आणि फ्लोअरला जाणवणारी, स्टेअरिंगला फारशी नाही. स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघा.

आता इथं मुद्दा असा की खडाक ऐकला की बरेच ठिकाणी पहिलं बोट क्लचकडे जातं. मला एका गॅरेजात सरळ गिअरबॉक्स उतरवूया म्हणून सांगितलं होतं, गाडीखाली डोकं न घालता. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे गाडी बसली आणि क्लच सेटचा खर्च अंगावर, आणि क्रॉस मात्र जिथल्या तिथं. थरथरीसाठी सोपी परीक्षा आहे, मोकळ्या सरळ रस्त्यावर जिथं थरथर येते त्या वेगाला क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर सोडायचा, इंजिन आयडलला येतं. तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, आता शाफ्ट नाहीतर चाकं. घाटात नका करू हे.

पुढचं गाडीखाली झोपूनच. जागा सपाट पाहिजे, चाकांना पुढनं मागनं दगड, इंजिन बंद, चावी खिशात, मग न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजूचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे लोखंडी चिमटे) दोन हातात धरायचे आणि उलट सुलट पिळायचे. दोन्ही योक जोडीनं थोडे फिरतात आणि डिफरेन्शियलकडनं टक येतो, तर तो तिथल्या दातांचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, थोडा असतोच, घाबरू नका. पण एक योक हलतोय आणि दुसरा जागेवर आहे असं दिसलं तर क्रॉस गेला, विषय संपला. मग टामी (लोखंडी पहार) घालून शाफ्ट वर उचलून बघा, तिथंही हलायला नको. आणि कपाच्या (क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्या, आत सुयांसारखे बारीक रोलर) कडेला बघा, आमच्या मधल्या क्रॉसला कुंकू सांडल्यासारखी तांबडी पावडर होती, हात लावला की बोटाला लागत होती. ग्रीस संपून सुया एकमेकींवर घासल्या आणि आत गंज धरला की ती बाहेर येते. अशी पावडर दिसली तर वरनं ग्रीस मारून काय होत नाही, आवाज काही दिवस गप्प बसतो एवढंच.

जाता जाता सेंटर बेअरिंगचं रबर, शाफ्टच्या स्प्लाइनमधला (दातेरी सरकत्या जोडातला) ढिलेपणा, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि पाट्यांचे यू बोल्ट पण हलवून बघा, हे सगळे तसलाच आवाज काढतात.

काम उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे केलं, मी बाजूला उभा राहून. त्यांनी पाना लावायच्या आधी पांढऱ्या रंगानं फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या बोल्टच्या चकतीवर), योकवर आणि स्प्लाइनवर खुणा केल्या. मला हे बघूनच बरं वाटलं. डिप्लोमाला थिअरी ऑफ मशीन्समध्ये हूक्स जॉइंट शिकवला होता तो हाच (तोच हूक, स्प्रिंगच्या नियमातला). कोनात फिरताना हा जॉइंट एकसारखा वेग देत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं राहतो, दहा अंशाच्या कोनाला फरक साधारण दीड टक्का इकडं तिकडं. एका क्रॉसची ही चूक दुसरा क्रॉस उलटी करून भरून काढतो, पण त्यासाठी योक एका रेषेत पाहिजेत आणि कोन सारखे पाहिजेत. स्प्लाइन एक दोन दात इकडं तिकडं बसली की नवीन क्रॉस घालूनही गाडी थरथरणार आणि मग लोक म्हणणार पार्ट डुप्लिकेट निघाला.

सर्क्लिप, म्हणजे लॉक काढले, वाईसमध्ये एका बाजूनं कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूनं कप आत जाईल एवढा मोठा सॉकेट, आणि वाईस आवळत आवळत कप बाहेर. घण नाही घातला. काही ठिकाणी शाफ्ट रस्त्यावर ठेवून योकवर घण घालतात, त्यात योकचा कान वाकतो नाहीतर पाइपला पोचा पडतो आणि बॅलन्स जातो. शाफ्टवर छोट्या पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतात त्या बॅलन्सच्याच असतात, कचरा समजून छिन्नीनं उडवू नका. जुना क्रॉस हातात घेतला तर भुजेवर सुयांच्या बरोब्बर रेघा उमटलेल्या, नख फिरवलं की अडकत होतं, आणि एका कपात तर अर्ध्या सुया नव्हत्याच, पिठी झालेली.

बसवतानाची खरी जागा सांगतो. नवीन कप आत घालताना एखादी सुई आडवी पडते. मग कप पूर्ण बसत नाही, लॉकची खाच दिसत नाही, आणि इथं माणूस वाईस अजून आवळतो. मिस्त्रींचा एक कप असाच अडला, त्यांनी लगेच काढला, सुई ग्रीसनं कडेला चिकटवून उभी केली आणि परत घातला. “जोर लावायचा न्हाई मालक, अडलं म्हणजे आत कायतर हाय,” एवढंच बोलले. आधी योकची भोकं पॉलिश पेपरनं साफ केली होती, खाचेतली घाण टोकदार सुईनं काढली होती. लॉक बसल्यावर क्रॉस हाताला जरा जड लागत होता, तर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीनं हलके दोन ठोके, मोकळा झाला. ढिला नको आणि अडकूनही नको, हातानं सगळीकडं सारखा फिरला पाहिजे. आणि निपलचं तोंड अशा बाजूला ठेवा की शाफ्ट गाडीला लागल्यावर ग्रीस गनचं नाक तिथं पोचेल. हे बऱ्याच जणांना नंतर आठवतं.

आता वापराचं. खडाक गेला तो अजून आलेला नाही. करूळ घाट, भुईबावडा घाट, खाली कोकणात माल टाकून रिकामी वर, सगळं झालं. भरलेल्या गाडीत शांत आहे. रिकाम्या गाडीत मात्र साठच्या आसपास बारीक थरथर अजून आहे, आणि ती क्रॉसची नाही, मागच्या पाट्यात एक पान वाढवलंय त्यामुळे रिकाम्या गाडीचं बूड उचललेलं राहतं आणि शाफ्टचा कोन बदलतो. लोड पडला की गायब. पान वाढवायच्या विचारात असाल तर हे धरून चला.

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी पसरलं की आडवाटेनं जावं लागतं, आणि चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यातनं गाडी गेली की मी दुसऱ्या दिवशी ग्रीस मारतोच, किलोमीटर बघत नाही. एरवी साधारण पाच हजारला. ग्रीस लिथियमचं, ईपी दोन नंबर, रंग काही का असेना, रंग कंपनी घालते. गन हळू दाबायची आणि चारही सीलमधनं ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. पावसाळ्यात पहिल्यांदा मारलं तेव्हा एका कपातनं चहात दूध घातल्यासारखं नाही म्हणत, पण मळकट पांढरट ग्रीस आलं, म्हणजे पाणी शिरलं होतं, ते ढकलून स्वच्छ येईपर्यंत मारलं. सीलबंद क्रॉस असता तर ते पाणी आतच राहिलं असतं. उलट बाजूही खरी आहे, सीलबंदाच्या भुजेत ग्रीसचं भोक नसतं त्यामुळे ती भरीव आणि मजबूत, आणि गाडी हायवेवरच असेल, गाडीखाली कोण जाणार नसेल, तर सीलबंदच बरा. आणि वॉशिंग सेंटरला प्रेशरची गन सरळ क्रॉसच्या सीलवर धरू देऊ नका.

खरेदीला जाताना जुना क्रॉस सोबत न्या. कपाचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी व्हर्नियरनं मोजून घ्या, एकाच मॉडेलला वेगवेगळ्या मापाचे येतात. तिन्ही एकदम बदलणं महाग वाटतं पण मजुरी शाफ्ट उतरवण्याची असते, क्रॉसची किंमत त्या मानानं किरकोळ. फ्लँजचे नट नवीन घाला आणि पाचशेक किलोमीटरनं एकदा पाना लावून बघा. आणि खडखडत्या क्रॉसवर घाटात जाऊ नका, पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं.

सेंटर बेअरिंग तेव्हा जुनंच ठेवलं होतं कारण रबर चांगलं दिसत होतं. आता त्याला बारीक चिरा दिसायला लागल्यात, अजून शाफ्ट दाबून बघितला तर जागेवर आहे, त्यामुळे गुऱ्हाळं बंद झाली की ते करतो.