लाइव्ह ट्रान्सक्राइब: डॉक्टरांच्या केबिनमध्ये कितपत कामाचं?

कानाला मशीन लावूनही ओपीडीतलं बोलणं नीट कळत नाही. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, डोक्यावर पंखा घरघरत असतो आणि डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत बोलतात. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब अशा वेळी समोरच्याचं बोलणं फोनच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटवतं, मराठीतसुद्धा. ॲप फुकट आहे, पण अँड्रॉइडपुरतंच. काही फोनमध्ये ते सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत आधीपासून असतं, नाहीतर प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेलं हे ॲप वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीने घडलं. लहानपणापासून ऐकू न येणारे गूगलचे संशोधक दिमित्री कॅनेव्स्की यांचा त्यात मोठा वाटा होता. वापरणाऱ्याची अडचण आतून माहीत असलेल्या माणसाने केलेलं काम आहे, हे जागोजागी जाणवतं. उदाहरणार्थ, स्क्रीनच्या कोपऱ्यातली एकात एक अशी दोन वर्तुळं. आतलं वर्तुळ भोवतालचा गोंगाट दाखवतं, बाहेरचं बोलणाऱ्याचा आवाज. बाहेरचं वर्तुळ आतल्याला जेमतेम ओलांडत असेल, तर मजकूर चुकणार हे आधीच ओळखायचं आणि फोन पुढे सरकवायचा. ज्याला गोंगाटच ऐकू येत नाही त्याला तो डोळ्यांनी दाखवण्याची ही युक्ती आम्हाला ॲपमधली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

काम दोन टप्प्यांत चालतं. फोनमधलं छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकवलेला प्रोग्राम) आधी हा आवाज माणसाच्या बोलण्याचा आहे का, एवढंच ठरवतं. बोलणं असेल तर आवाज इंटरनेटवरून गूगलच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून अक्षरं परत येतात. त्यामुळे तळघरातल्या एक्स-रे विभागात रेंज गेली की मजकूरही थांबतो. काही भाषा फोनवर उतरवून नेटशिवाय चालतात, पण मराठीसाठी नेट लागेल असं धरूनच निघा.

तयारी घरीच करून जा. पहिली भाषा मराठी, दुसरी भारतीय इंग्रजी ठेवा. भाषा आपोआप बदलत नाही, बटण दाबून बदलावी लागते. डॉक्टर मराठीत बोलता बोलता ‘क्रिएटिनिन जरा रेझ्ड आहे’ (किडनीच्या तपासणीतला आकडा वाढलाय) म्हणतात, तेव्हा नेमका तोच तुकडा घसरतो. त्यावर उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये आपले शब्द जोडण्याची सोय. चालू औषधांची आणि आपल्या आजाराची नावं तिथे आधीच भरून ठेवा. नाव पुकारल्यावर फोन थरथरावा, अशीही सोय आहे. तिथे पहिलं नाव द्या. कोल्हापूरच्या ओपीडीत ‘पाटील’ दिलंत तर फोन दिवसभर थरथरत राहील.

केबिनमध्ये फोन मांडीवर ठेवू नका. टेबलावर, खालची कड डॉक्टरांकडे करून ठेवा, कारण बहुतेक फोनचा मुख्य माईक तिथेच असतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो, पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. म्हणून एका मीटरच्या आत ठेवलेला साधा फोन दोन मीटरवरच्या महागड्या फोनला भारी पडतो. कॉलरला लावायचा वायरचा माईक जोडला तर आणखी बरं. ब्लूटूथवर इअरफोन किंवा कानाचं मशीन जोडलेलं असेल तर ॲपमध्ये कोणता माईक निवडला आहे ते एकदा बघा. नाहीतर समोरच्याऐवजी तुमच्याच कानाजवळचा आवाज टिपला जायचा.

आता धोक्याची बाजू. शब्द उमटतात, मग पुढचं वाक्य आल्यावर मागचे शब्द बदलतात. म्हणजे पहिली अक्षरं अंदाजाची असतात. ओळ स्थिर होईपर्यंत थांबा. मराठीत सगळ्यात घातक म्हणजे छोटा ‘न’. ‘रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका’ यातला ‘न’ गिळला गेला, तर स्क्रीनवर ‘बंद करू का’ उरतं. आकड्यांचंही तसंच: सात आणि साठ, पंचावन्न आणि पंचाहत्तर. वाक्य व्याकरणात चपखल बसतं, त्यामुळे चूक डोळ्याला खुपत नाही. डोस, तारीख आणि ‘नको’ या तीन गोष्टी ॲपवर सोडू नका. कीबोर्डचं चिन्ह दाबून ‘किती गोळ्या, किती दिवस?’ टाइप करून स्क्रीन डॉक्टरांपुढे धरा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

मजकूर साठवण्याची सोय सुरू केली तर तो तीन दिवस फोनवर राहतो. तेवढ्यात घरच्यांना दाखवून चिठ्ठीशी ताडून बघा. आणि फोन दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर आठवणीने पुसा. स्क्रीन सतत चालू राहत असल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, चार्जर जवळ हवा.

समोरासमोर एकच डॉक्टर असेल तर पाचपैकी चार गुण. वॉर्डातल्या राउंडला मात्र दोनच. चार जण एकदम बोलतात, सगळ्यांचं एकाच ओघात उतरतं, आणि मोठे डॉक्टर काय म्हणाले नि शिकाऊ काय म्हणाले हे वेगळं काढता येत नाही. तिथे राउंड संपल्यावर एकालाच थांबवून फोन पुढे करा.