ईएसआयसीचा अपघात क्लेम: पैसे मिळाले, पण चप्पल झिजली

ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, हा माझा अनुभव; आधी स्टार देऊन टाकतो. पैशाला ४, उपचाराला ४, कागदांच्या फेऱ्यांना २ आणि माझ्या ठेकेदाराला शून्य, कारण उणे द्यायची सोय नाही.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होतो, ठेकेदाराकडून. २०२३ च्या पावसाळ्यात सेकंड शिफ्टला डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा जड भाग, खाली येतो, पण आमच्याकडे एक बटण चिकटपट्टी लावून कायम दाबून ठेवलेलं, नाहीतर टार्गेट निघत नाही म्हणे, आणि पट्टी सैल झाली की सुपरवायझर स्वतः नवीन लावून जायचा.

दवाखान्यात नेताना गाडीतच तो म्हणाला, "भाऊ, घरी दरवाजात अडकलं म्हण, खर्च आम्ही बघतो." मी दुखण्याने अर्धा बेशुद्ध, हो म्हणणारच होतो. सोबत आमचा जुना वेल्डर होता, तो कानात बोलला, "दरवाजा म्हणालास तर मेलास."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. घरी लागलं तर तो आजार धरतात, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, ते पण आधी पुरेसे दिवस हप्ता भरलेला असेल तर. कामावर लागलं तर ९० टक्के, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत, आणि हप्त्याची अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी हात सापडला तरी मिळतं. शिवाय अवयव कायमचा गेला तर जन्मभर दर महिन्याला पैसे. दरवाजावाल्याला यातलं शेवटचं काहीच नाही. आणि हे फक्त मशीनचं नाही बरं का, घरून कामावर जाता-येता रस्त्यात अपघात झाला तरी तो कामाशी जोडलेला असेल तर यात बसतो, आमच्याकडे अर्ध्या पोरांना हे माहीतच नव्हतं.

आता खरी बोंब. कंपनीने फॉर्म १२ भरायचा असतो, तो अपघाताचा रिपोर्ट, त्यावर पुढचं सगळं चालतं. कंपनी म्हणे ठेकेदार भरेल, ठेकेदार म्हणे साहेब गावाला गेलेत. नऊ दिवस हेच. मग मी मित्राला सांगून अपघात वहीत माझी नोंद करून घेतली, त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला, आणि बँडेज बांधलेल्या हाताने ईएसआयसीच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला. काउंटरवरच्या मॅडमनी फोटो बघितला, बोट बघितलं, आणि म्हणाल्या, "दादा, आधी इथे पोच घ्या, शिक्क्याशिवाय हलू नका." दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचे साहेब गावाहून आले. फॉर्म पण भरला.

पगार माझा १६ हजार, म्हणजे दिवसाला ५३३ च्या आसपास, त्याचे ९० टक्के ४८० रुपये. सर्टिफिकेट जमा करत गेलो, पैसे खात्यात येत गेले. सव्वादोन महिने घरी होतो. मध्ये ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हणून फोन केला, तर मॅडमनीच सांगितलं की उपचार चालू असताना काढता येत नाही, तेव्हाच्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं. मी फोनवर फक्त "कलम ७३" एवढंच म्हणालो, आवाज एकदम मऊ झाला त्याचा.

मग मेडिकल बोर्ड, म्हणजे कायमचं नुकसान किती टक्के ते ठरवणारे डॉक्टर. दीड तास बाकड्यावर, आत पाच मिनिटं. डॉक्टरने बोट दाबलं, पेन उचलायला लावलं, एक्स-रे खिडकीकडे धरून बघितला. तर्जनीचं एक पेर म्हणजे कमावण्याची ताकद ९ टक्के कमी, ते तक्त्यात ठरलेलंच आहे, अख्खी तर्जनी गेली तर १४. ४८० चे ९ टक्के म्हणजे दिवसाला ४३ रुपये. हसू नका, महिन्याला जवळपास १,३०० होतात, बायको त्यातून गॅस भरते.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या वर गेलाय किंवा ज्यांना ईएसआय लागूच नव्हतं, त्यांच्यासाठी तेव्हा १९२३ चा भरपाई कायदा होता. तो क्लेम अपघातापासून २ वर्षांत, आणि मालकाने एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. माझ्या मेव्हण्याचा तसाच चालू आहे, तारखांवर तारखा. त्याच्यापुढे माझा क्लेम एक्सप्रेस म्हणायचा. आणि दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत, मी विचारून बघितलं होतं.

जाताना पासबुक, आधार, आयपी नंबर (विमा असलेल्या कामगाराचा नंबर), सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का तपासा. माझ्या पासबुकात एक काना राहिला होता. त्या एका कान्यासाठी तीन फेऱ्या.