बीकन्सफील्ड की हार्पेंडन? घर बघण्याआधी

लंडनमध्ये बरी नोकरी, मुलं शाळेत जाणारी, आणि 'चांगल्या वस्तीत' घर हवंय, असं म्हटलं की ही दोन नावं बहुधा येतातच: बकिंगहॅमशायरमधलं बीकन्सफील्ड आणि हार्टफर्डशायरमधलं हार्पेंडन. दोन्ही श्रीमंत, पण दोन्हीकडचा पैसा मुख्यतः लंडनच्या पगारातून आलेला. बँका, वकिली, सल्लागार कंपन्या, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं. म्हणून मी आधी स्टेशन बघेन, मग घर.

हार्पेंडनहून थेम्सलिंकची जलद गाडी अर्ध्या तासाच्या आसपास सेंट पँक्रसला पोचते आणि तीच पुढे फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्सला जाते. ऑफिस 'सिटी'त, म्हणजे लंडनच्या बँका-कंपन्यांच्या जुन्या भागात असेल तर गाडी बदलायची कटकट नाही. बीकन्सफील्डची गाडी मॅरिलबोनला संपते. पश्चिम लंडनला ते ठीक, पण पूर्वेकडच्या कॅनरी वॉर्फला रोज जायचं तर वैताग येईल.

बीकन्सफील्डची वस्ती बारा-चौदा हजारांची, हार्पेंडनची तीस हजारांच्या घरात. वयांचा आकार मात्र सारखाच, डमरूसारखा. शाळकरी मुलं भरपूर, चाळिशी-पन्नाशीतले आईबाप आणि निवृत्त मंडळी भरपूर, मधे विशीतली तरुण माणसं कमी, कारण त्यांना इथलं घर परवडत नाही. भोवती ग्रीन बेल्ट, म्हणजे बांधकामापासून राखलेली मोकळी जमीन, म्हणून नवी बांधकामं मोजकीच आणि भाव चढे. जनगणनेतले घरून काम करणाऱ्यांचे आकडे बघताना एक लक्षात ठेवा: ती २१ मार्च २०२१ ला, कोविडच्या निर्बंधांत झाली होती.

खरा फरक शाळांचा. बकिंगहॅमशायरमध्ये ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा, अजून टिकून आहेत. तिथल्या सहावीच्या ('इयर सिक्स') सुरुवातीला, सप्टेंबरात, 'अकरा प्लस' नावाची ही निवड परीक्षा. १२१ गुण मिळाले तर मूल पात्र. नाही मिळाले तर 'अपर स्कूल', म्हणजे बिनपरीक्षेची सरकारी शाळा. आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या क्लासेसची आठवण यावी असं वातावरण असतं. हार्पेंडनमध्ये हा प्रकार नाही. तिथल्या सरकारी शाळा नावाजलेल्या आहेत, पण प्रवेशात घराचं अंतर मोजलं जातं, त्यामुळे इथली परीक्षा मुलाची नसून तुमच्या गृहकर्जाची. नाहीच जमलं तर खासगी शाळा आहेत, पण त्यांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट आहे.

आता पैशाची एक गोष्ट, जी आपल्या लोकांना हटकून उशिरा कळते. दहा लाख पौंडांच्या घरावर साधी स्टॅम्प ड्यूटी ४३,७५० पौंड. पण पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर इंग्लंडमधलं पहिलंच घरसुद्धा 'दुसरं घर' धरलं जाऊ शकतं आणि वर ५ टक्के, म्हणजे आणखी ५०,००० लागतात. नुकतेच आला असाल तर अनिवासी म्हणून २ टक्के वेगळे. ते पुढे राहण्याचे दिवस भरले की परत मागता येतात. करार करण्याआधी सॉलिसिटरला हे विचाराच.

बाकी बीकन्सफील्डच्या जुन्या गावातल्या चर्चमध्ये एडमंड बर्कची कबर आहे. वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा तोच. हार्पेंडनला १८४३ पासूनचं रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्र आहे. राहुरीला किंवा अकोल्याला प्रयोगांचे प्लॉट आखायला शिकलेल्यांनी संख्याशास्त्रज्ञ फिशरचं नाव ऐकलं असेलच. तो इथेच काम करायचा. त्यामुळे हार्पेंडनला शास्त्रज्ञही शेजारी मिळतात, आणि मला ते आवडतं. कढीपत्ता-भेंडीसाठी इथून ल्यूटन जवळ, बीकन्सफील्डहून स्लाऊ. गणपतीला डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ, १९३२ पासूनचं, दोन्हीकडून गाडीने गाठण्यासारखं.

मूल आठ-नऊ वर्षांचं, परीक्षेला न बिचकणारं आणि ऑफिस पश्चिम लंडनमध्ये असेल तर बीकन्सफील्ड. एरवी माझं मत हार्पेंडनला. पण पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि घर बघायला मंगळवारी सकाळी सातच्या गाडीच्या वेळी जा, रविवारी दुपारी नको.