कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स – आठ महिन्यांनंतर विमानं ऐकायला लागली

मे महिन्यात, परभणीच्या उन्हात घराबाहेर पडवत नव्हतं तेव्हा आजच्या युद्धाच्या डावपेचांचा हा कॉम्प्युटर गेम घेतला. तेव्हापासून रोज जेवणं झाल्यावर तासभर, आणि १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून आल्यावर अख्खा दिवस. जहाजं-पाणबुड्यांचं इथं लिहीत नाही. फक्त विमानांच्या मिशनचं लिहितो, कारण नवा माणूस तिथंच हात टेकतो.

सुरुवातीला प्रत्येक विमान मी हातानं चालवायचो. एफ३ दाबून मार्ग आखायचा, एफ२ दाबून उंची ठरवायची, शिफ्ट-एफ१ दाबून क्षेपणास्त्र सोडायचं. चार विमानं होती तोवर जमलं. चाळीस झाल्यावर एकाकडं बघेपर्यंत दुसऱ्याचं इंधन संपत यायचं. मग उमगलं, इथं आपण वैमानिक नाही. आपण हुकूम, म्हणजे मिशन, लिहून द्यायचा, पाळायचं काम त्यांचं. तो हुकूम लिहायची खिडकी एफ११ वर उघडते आणि माझे पुढचे सगळे महिने त्याच खिडकीत गेले.

नांदेडला असतो तो धाकटा भाऊही हाच गेम खेळतो. एका रात्री त्याचा फोन: "दादा, सगळं भरलंय, तरी विमानं उडायनातच की!" मिशन हल्ल्याचं होतं, लक्ष्यही दिलेलं होतं. पण किमान किती विमानं तयार असली तर निघायचं, तो आकडा त्याच्या तयार विमानांपेक्षा जास्त होता. दुसऱ्या दिवशी तेच दुखणं माझ्याकडं, कारण वेगळं: विमानांवर हवेतून हवेत मारायची क्षेपणास्त्रं आणि मिशन जमिनीवरच्या हल्ल्याचं. शस्त्रसाज बदलायचा म्हटलं की पुन्हा तयारीचे तास मोजावे लागतात. म्हणून आता मी आधी विमानाच्या पोटाखाली काय टांगलंय ते बघतो, मग मिशन लिहितो.

गस्तीतला एक तृतीयांशाचा नियम मला फार आवडला. रात्रीच्या लाईटवर तीन भाऊ आळीपाळीनं दारं धरतात तसाच तो आहे. सहा विमानं दिली तर गस्तीला दोन राहतात आणि बाकीची पाळीसाठी मागं थांबतात. या नियमापुढच्या चौकोनातली खूण काढली की सहाच्या सहा एकदम उडतात, एकदमच परततात, आणि पुढचे काही तास आभाळ मोकळं पडतं.

माझं सगळ्यात मोठं नुकसान रडारवाल्या विमानाचं झालं. ते मी लढाऊ विमानांच्या गस्तीतच टाकलं होतं. गस्तीच्या हद्दीबाहेरच्या हालचालीही तपासायच्या, अशी खूण त्या मिशनवर होती. ते सरळ शत्रूच्या दिशेनं गेलं आणि पडलं. असल्या विमानाला सपोर्ट मिशन द्यायचं: ठरवलेल्या बिंदूंवर घिरट्या घालायच्या, कुणाच्या मागं जायचं नाही. रडार जागेवर पोचल्यावरच सुरू करायची सोयही तिथं आहे. लढाऊ विमानांना मात्र आता मी दोन चौकटी आखून देतो. आतली गस्तीची, बाहेरची पाठलागाची. बाहेरचीच्या पलीकडं ती जात नाहीत.

डॉक्ट्रिनची, म्हणजे लढायचे कायमचे नियम ठरवायची, खिडकी शिकायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा. आपल्या बाजूच्या पूर्ण सैन्यासाठी दिलेला आदेश मिशनला लागू होतो, मिशनचा विमानाला. पण खालच्या पातळीवर कुणी वेगळं लिहिलं असेल तर चालतं ते खालचंच. वर बदल करून खाली काहीच फरक पडत नव्हता, त्याचं कारण हे होतं. क्षेपणास्त्र किती अंतरावरून सोडायचं, एका लक्ष्यावर किती सोडायची, हेही इथंच ठरतं. पूर्ण पल्ल्यावरून सोडलं की समोरचा वळून पळतो आणि क्षेपणास्त्राचा दम वाटेतच संपतो. मी अंतर कमी केलं आणि नेम लागायला लागले.

एकदा चकमक झाली की विमानं शस्त्रं शिल्लक असताना घरी का येतात, हे कोडंही याच खिडकीतल्या शस्त्रस्थितीच्या ओळीत सुटलं. किती साठा उरला की परतायचं, ते तिथं लिहिलेलं असतं.

पंधरा इंची लॅपटॉपवर तीन खिडक्या एकावर एक येतात, मोठा पडदा असेल तर बरं पडेल. शिकायला घेणाऱ्यानं एक तळ, सहा विमानं, एक गस्त एवढंच घ्यावं आणि दर वेळी एकच खूण बदलून बघावी.

हवेत इंधन भरणं अजून पक्कं बसलेलं नाही. टँकर, म्हणजे इंधन देणारं विमान, सपोर्ट मिशनवर आहे, जागाही बरोबर आहे, तरी दोन विमानं त्याच्याकडं न जाता तळावर परततात. भाऊ रविवारी येणार आहे, तेव्हा दोघं मिळून बघू.