चीज स्ट्रॉ: सोऱ्यातून पाडावेत की पदर काढून पिळावेत?

दिवाळीच्या ताटात चकली, कडबोळी, शेव असे तिखटमिठाचे बहुतेक सगळे जिन्नस तळलेले असताना एखादा तरी भाजलेला असावा, असे ज्यांना वाटते त्यांनी चीज स्ट्रॉचा विचार अवश्य करावा. मात्र या एका नावाखाली दोन बरेच निराळे पदार्थ येतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मैदा, लोणी आणि किसलेले चेडर एकत्र मळून ते पीठ चांदणीच्या छिद्रातून पाडतात व भाजतात, तर इंग्लंडमध्ये पफ पेस्ट्रीच्या पट्ट्यांवर चीज पसरून, त्यांना पीळ देऊन भाजण्याची पद्धत चांगलीच रूढ आहे. कोल्हापुरातील स्वयंपाकघराला यांपैकी काहीच परके नाही. पहिल्या प्रकाराला लागणारा चकलीचा सोऱ्या घरोघरी असतो आणि दुसऱ्याची करामत साट्याच्या करंज्या करणाऱ्या हाताला ठाऊक असते. वीस-पंचवीस माणसे जमणार असतील, तर यांतले काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

सोऱ्याच्या कांड्यांसाठी मी 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम खारे बटर आणि 200 ग्रॅम चीज असे प्रमाण धरते. त्यात बोटभर लांबीच्या साधारण 70 कांड्या होतात. बटर आणि चीज दोन्हींत मीठ असल्याने वरून मीठ घालू नये. बटर पातळ न करता मऊ करून घ्यावे, चीज किसणीच्या सर्वांत बारीक बाजूने किसावे आणि मैद्यात मोहन चोळतो तसे दोन्ही चोळून, लागलेच तर चमचाभर थंड दूध घालून गोळा करावा. यात खरी मेख आहे ती किसात. पहिल्या वेळी मी जाड किस घातला आणि दुसऱ्याच दाबाला चांदणीच्या एका कोपऱ्यात चीजचा तंतू अडकला. कांडी एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने काटेरी अशी वाकडी पडू लागली आणि प्रत्येक ओळीनंतर चकती काढून काडीने कोरावी लागली. किस बारीक झाला की ही अडचण राहत नाही. पाडलेल्या कांड्या ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे ओव्हनच्या उष्णतेने लोणी वितळण्याआधी मैद्याला आकार धरायला अवधी मिळतो आणि चकलीसारखे काटे भाजल्यावरही उठून दिसतात. 175 अंशांवर 18 ते 20 मिनिटे पुरतात. बाहेर काढताना त्या मऊ लागतात. निवल्यावर खुसखुशीत होतात, त्यामुळे कच्च्या राहिल्या असे समजून पुन्हा भाजायची घाई करू नये.

पदराच्या कांड्या दिसायला अधिक देखण्या, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. तूप फेसून त्यात कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी मिसळून साटा करायचा, तीन पोळ्यांना तो लावून त्या एकावर एक रचायच्या, घडी घालून थंड करायच्या आणि पुन्हा लाटून, चीज पसरून, पट्ट्या कापून पिळायच्या. विसाव्याच्या वेळा धरल्या, तर यात अडीच तास सहज जातात. सोऱ्याचे काम सव्वा तासात उरकते. पदर सुटतात ते पिठातल्या पाण्याची वाफ तुपाच्या थरांमध्ये अडून वरचा थर उचलते म्हणून. त्यासाठी ओव्हन 200 अंशांपर्यंत तापलेला लागतो, आणि नेमके तेवढ्या उष्णतेला पट्टीबाहेर सांडलेले चीज ट्रेवर करपते. पिळाची टोके ट्रेला दाबून चिकटवली नाहीत, तर भाजताना पीळ उलगडतो, हेही लक्षात ठेवावे.

निवड खरी ठरते ती टिकण्यावर. पदरांच्या फटींतून हवेतला ओलावा आत शिरतो आणि खारीसारखी ही कांडी लवकर सादळते. गौरी-गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात पावसाची रिपरिप चालू असते. तेव्हा सकाळी भाजलेल्या पदराच्या कांड्या उघड्या ताटात संध्याकाळच्या आरतीपर्यंतही तग धरत नाहीत. सोऱ्याच्या कांड्यांत स्निग्धांश भरपूर आणि अंग घट्ट, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात त्या आठवडाभर चांगल्या राहतात. पाहुणे एकाच जेवणाला येणार असतील आणि कांड्या ओव्हनमधून थेट ताटात जाणार असतील, तरच पदराचा घाट घालावा. चार दिवस येणे-जाणे चालू असलेल्या घरात सोऱ्याला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

चीजच्या बाबतीतही अशीच निवड करावी लागते. किराणा दुकानात सहज मिळणारे प्रोसेस्ड चीज वितळताना तूप सोडू नये म्हणून खास क्षार घालून तयार केलेले असते. त्यात पाणी चेडरपेक्षा जास्त असते, त्यामुळे कांडी किंचित नरम राहते आणि चवही सौम्य लागते. मुरवलेले चेडर महाग पडते, परंतु त्याचा आंबूस-खारट ठसका भाजल्यावरही टिकतो. मी निम्मे-निम्मे वापरते. निव्वळ प्रोसेस्ड चीज असेल, तर भाजून झाल्यावर कांड्या 120 अंशांवर आणखी दहा मिनिटे सुकवते. आयात केलेले चेडर घेताना वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा, कारण काही चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील विकर वापरलेले असते आणि सणाच्या घरात ते चालणारे नाही.

तिखटासाठी कांदा-लसूण मसाल्याकडे हात जाणे आपल्याकडे स्वाभाविकच आहे. दिवाळीत तो खुशाल घालावा, एका घाण्याला दोन सपाट चमचे पुरे. गौरीच्या फराळात मात्र संकेश्वरी मिरचीची पूड आणि ओवा एवढ्यावरच थांबावे. मिरचीचा तिखटपणा स्निग्धांशात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी वाढल्यासारखा लागतो, तेव्हा कच्च्या पिठाची चव घेऊन तिखट ठरवताना हात आखडताच ठेवावा.

राहता राहिला भाजण्याचा प्रश्न. नानकटाईचे सामान बेकरीत नेऊन भट्टीवर भाजून आणण्याची सवय अजून अनेक घरांत आहे आणि दोन-तीन किलोचा बेत असेल, तर तो मोह होतोच. एका दिवाळीत मीही पाडलेल्या कांड्यांचे तीन पत्रे असेच नेले होते. त्यांपैकी दोन कॉफीच्या रंगाचे होऊन परत आले. चूक माझी होती, पिठात चीज आहे हे मी सांगितलेच नव्हते. विटांच्या भट्टीची धग हवी तेव्हा कमी करता येत नाही आणि चीज नानकटाईपेक्षा फार लवकर लाल होते. पाव निघून गेल्यावर उतरलेल्या भट्टीत पत्रे सरकवायची कोणाची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. घरचा 1,500 वॅटचा ओटीजी दीड तास सलग चालला, तरी सव्वादोन युनिटांहून अधिक वीज जात नाही आणि तेवढ्या वेळात चार ट्रे निघतात. त्याहून जास्त हवे असल्यास कांड्या आदल्या दिवशी पाडून, बटर पेपरचे थर देऊन फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि पाहुणे येतील तशा न वितळवता भाजाव्यात. वेळ फक्त तीन-चार मिनिटे जास्त लागतो.