टेलिस्कोपला ‘विमानातलं ग्रीस’ घालून देणाऱ्यापासून सावध

१०,७०० रुपये. पन्नास ग्रॅमच्या ट्यूबचे ४,२०० आणि माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा, उघडून साफ करण्याचे ६,५००. बिल नाही. पैसे यूपीआयने, तेही दुरुस्ती करणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या कुणा मेहुण्याच्या नावावर. हा इसम फोंडा, म्हापसा, मडगाव असा फिरतो आणि शाळांच्या दुर्बिणी आपणच दुरुस्त करतो म्हणून सांगतो. उद्या तुमच्या दारात उभा राहील, म्हणून लाज गिळून लिहितोय.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे दुर्बीण पेटीतच असते. ऑक्टोबरात काढली तर माउंट जड, वर्म (माउंट फिरवणारा आट्यांचा दांडा) अडखळतोय. स्वस्त चिनी माउंटमध्ये कारखान्यातून येणारं ग्रीस डिंकासारखं असतं, हे हौशी माणसाला सांगायला नको. ते बदलणं भागच होतं. आणि मी काही भोळा नाही, स्कूटरचा कार्ब्युरेटर स्वतः उघडतो. पण ग्रीसचं रसायन कोण तपासत बसतं?

त्यानं पीएफपीई (फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेलाचं ग्रीस) असं भारी नाव घेतलं. उपग्रहांत, विमानांत वापरतात, पेट्रोल-रॉकेल काही म्हणजे काही लागू पडत नाही, दहा वर्षं बघायला नको! यातलं पहिलं खरं आहे, असं ग्रीस असतं आणि ते महागच असतं. काम संपवून हात पुसताना हाच माणूस म्हणतो, “सर, कुठे जास्त वाटलं तर रॉकेलचं फडकं फिरवा, लगेच निघेल.”

लगेच निघेल! ज्याला रॉकेल लागू पडत नाही म्हणून ४,२०० मोजले, ते रॉकेलनं लगेच निघेल! बायको चहा घेऊन उभी होती, तिनं विचारलंसुद्धा, “अहो, मघाशी तर हे वेगळंच सांगत होते ना?” आणि मी तिलाच गप्प केलं. घरी आलेल्या माणसासमोर दुसरं काय करणार? तोवर पैसेही गेलेले. आजही ते वाक्य आठवलं की डोकं भणभणतं.

मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ग्रीसमधलं तेल सुटलं. गोव्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर, म्हणजे माउंटचा ध्रुवताऱ्याकडे रोखलेला ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा. तेल सरकत थेट क्लचवर, म्हणजे अक्ष आवळून धरणाऱ्या भागावर. एका रात्री क्लच घट्ट करूनही दुर्बिणीची नळी काउंटरवेटसकट (तोल साधणाऱ्या वजनासकट) फिरली आणि तिपाईच्या पायावर आदळली. उघडून बघतो तर जुनं ग्रीस तसंच, त्यावरच नवं थापलेलं. दोन प्रकारच्या ग्रीसचे साबण, म्हणजे तेल घट्ट करणारे घटक, जुळले नाहीत तर मिश्रण पातळ होतं. आधी सगळं धुऊन काढायचं असतं, वर्मच्या दातांना मग पातळ थर पुरतो. ६,५०० घेणाऱ्याला एवढंही येत नव्हतं. बेअरिंगचे ६८०, वर्कशॉपचे १,५००. एकूण १२,८८० रुपये पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. पीएफपीईची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट, ते ग्लासात तळाला बसतं. माझ्या ट्यूबमधला गोळा मजेत तरंगला. ही परीक्षा पैसे देण्याआधी करा, समोरच करा.

मग पोलीस. “टेलिस्कोपचं ग्रीस” म्हटल्यावर हवालदार शेजारच्याकडे बघून हसला. म्हणे यूपीआय आहे ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग ग्राहकाचं प्रकरण. ग्राहकवाले म्हणाले, बिल आणा. बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? वर साहेबांचा प्रश्न, “इतके महिने काय करत होता?” तेल सुटायला उन्हाळा लागतो, हे कुणी ऐकून घेतलं तर ना! ट्यूबवर उत्पादकाचा पत्ता नाही, वजन नाही, एमआरपी नाही. पाकीटबंद मालावर हे छापणं २०११च्या नियमांनी सक्तीचं आहे. वजनमापवाल्यांना फोटो दाखवले. अर्ज टाका, म्हणाले. टाकला. त्यावर शिक्का मिळाला, बाकी काही नाही.

यूपीआयचे पैसे फसवणुकीत गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, नंतर पैसे हाती लागणं कठीण. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका, माझ्याकडे आता तेवढाच पुरावा आहे. आणि हो, घरच्या दुर्बिणीला पीएफपीई लागतच नाही! पीटीएफई (टेफ्लॉन) घातलेलं, सिंथेटिक तेलाचं, घट्टपणाच्या एनएलजीआय मापात २ नंबरचं ग्रीस पुरतं. गॅरेजमधलं गाड्यांचं एपी३ ग्रीस नको. डब्ल्यूडी-४० तर ग्रीसच नव्हे.

त्या इसमानं माझा नंबर ब्लॉक केलाय. बायकोच्या फोनवर त्याचं स्टेटस अजून दिसतं: ‘एअरोस्पेस ग्रीस, स्टॉक मर्यादित’. भाव आता ४,८००.