हेकेल की किर्शनर? पहिला रंगीत वुडकट करण्याआधी

काळ्या शाईतले चार-पाच वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून काढलेले छाप, जमले की रंगाची हाव सुटतेच. मग कोणाचं काम समोर ठेवून शिकायचं, हा प्रश्न येतो. माझ्या मते निवड दोन जर्मन चित्रांतून करावी. एक एरिख हेकेलचं ‘मेनरबिल्डनिस’, म्हणजे पुरुषाचं व्यक्तिचित्र. दुसरं एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं ‘विंटरमोंडनाख्ट’, हिवाळ्यातलं चांदणं. दोन्ही १९१९ सालची. दोघंही १९०५ मध्ये ड्रेस्डेनला ‘ब्र्युके’ हा चित्रकारांचा गट काढणाऱ्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांपैकी. १९१३ मध्ये तो गट मोडला, तोही किर्शनरने लिहिलेल्या गटाच्या इतिहासावरून भांडण होऊन.

हेकेलचा चेहरा एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही. कपाळ उंच, गाल बसलेले, हात हनुवटीशी, नजर आपल्याला टाळून कुठेतरी बाजूला. आणि कातडी चक्क हिरवी. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, हेकेल बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होता. युद्ध संपल्यावर बर्लिनला परतला आणि पुढच्याच वर्षी हे चित्र केलं. नाव नुसतं ‘पुरुष’ असलं तरी ते आत्मचित्रच मानतात. शिकणाऱ्याने मात्र हिरव्याच्या आधी काळ्याकडे बघावं. डोळ्यांच्या खोबण्या, नाकाची कड, बोटं, सगळा भार काळ्यावर आहे. हिरवा, निळा, मातकट पिवळा हे रंग त्याच्या आधाराने सपाट पसरलेत. रंग झाकून बघितलं तरी चेहरा उभा राहतो. त्यामुळे तुमचा एखादा रंग सुताभर सरकला तरी काळी रेघ ते सावरून घेते. नवशिक्याला ही केवढी सवलत आहे, हे रंगागणिक वेगळी कोरलेल्या तीन फळ्यांचे छाप एकाच कागदावर जुळवताना कळतं.

किर्शनरकडे अशी सवलत नाही. १९१७ मध्ये, युद्धाने मोडलेल्या अवस्थेत, तो स्वित्झर्लंडमध्ये दावोसला गेला आणि पुढे तिथेच राहिला. जानेवारी १९१९ मधल्या एका पहाटे त्याने चंद्र मावळताना पाहिला. गुलाबी ढगांवर पिवळा चंद्र आणि डोंगर गर्द निळे, असं त्याने पत्रात लिहिलंय. त्यातून हा जेमतेम ३० सेंटिमीटरचा, जवळपास चौकोनी वुडकट आला. इथे आकार तोलून धरायचं काम रंगच करतात. निळ्याशेजारी लाल कुठे थांबतो, यावर डोंगर उभा आहे. शिवाय किर्शनर आपली छपाई बहुधा स्वतःच करायचा आणि छापागणिक रंग बदलायचा. एका प्रतीतलं आभाळ दुसऱ्या प्रतीत तसंच सापडेल याची खात्री नाही. म्हणून एकाच फोटोवरून त्याचे रंग उचलू नका. निदान दोन संग्रहालयांतल्या प्रती स्क्रीनवर शेजारी उघडा. न्यूयॉर्कच्या मोमाकडे, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे, ही दोन्ही चित्रं आहेत, सुरुवात तिथून करता येईल.

खर्चात फारसा फरक नाही. फळ्या, शाई, कागद दोन्हीकडे तेवढंच. फरक वाया जाणाऱ्या कागदात पडतो. हेकेलच्या वाटेने एकदा जुळणी बसली की दहा छाप बऱ्यापैकी सारखे निघतात, त्यामुळे स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला क्रमांक घालून द्यायचे असतील तर हीच वाट. किर्शनरच्या वाटेने दहातले दोन आवडतील, ते दोनही एकमेकांसारखे नसतील. काहींना यातच मजा वाटते. मलाही वाटते, पण माझं कागदाचं बिल बघून घरात कोणालाच वाटत नाही.

नुसतं पोस्टर आणून भिंतीवर लावायचं असेल तर विचार न करता किर्शनर घ्या. तो हिरवा चेहरा रोज सकाळी चहाच्या वेळी समोर नको. हात मात्र हेकेलवर बसवा. जीव माझा किर्शनरवर आहे, तरीही सांगतो. आधी काळ्या रंगाची फळी कोरून घ्या, तिचा एकच छाप काढून खोलीत टांगा. आठवडाभराने रंगाशिवायही तो बघवत असेल, तर दुसरी फळी आणायला जा.